मन ‘झाले’ म्हणत नाही तेव्हा

माझ्या दवाखान्यात एक आजी हातांच्या भेगा दाखवायला येत असत. वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, बोलणे मोजके आणि नेमके. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, तळहाताची कातडी पांढुरकी झालेली, नखांच्या कडांना बुरशी. मी आधी बुरशीचे मलम दिले, मग स्टिरॉइडचे, मग पेट्रोलियम जेली लावून सुती हातमोजे घालायला सांगितले. थोडे बरे वाटे, महिन्याभराने पुन्हा तेच. हे दोन वर्षे चालले. त्या दोन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारले नाही की आपण दिवसातून हात किती वेळा धुता? अठ्ठावीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न सुचू नये, याची आजही खंत वाटते.

प्रश्न सुटला तो त्यांच्या यजमानांमुळे. ते स्वतःचा रक्तदाब तपासायला एकटेच आले होते. पट्टा सोडता सोडता मी सहज विचारले, घरी कसे आहे? ते म्हणाले, “डॉक्टर, आम्हां दोघांना महिन्याला साबणाच्या अठरा वड्या लागतात.” आणि मग एकोणीस वर्षांची हकिकत बाहेर आली. बाजारातून आले की फाटकाशी चपला काढायच्या, बाहेरच्या नळावर पाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचा. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या. सुटे पैसे बादलीत. मध्ये कुठे कडीला हात लागला, तर सगळे पहिल्यापासून. नातू पलंगावर बसला म्हणून चादरी, उशा, गादीची खोळ सगळे धुवायला निघाले, तेव्हापासून मुलगा कुटुंबाला घेऊन येईनासा झाला. “सुरुवातीला मी चिडायचो,” ते म्हणाले. “मग म्हटलं, तिला बरं वाटतं ना, मग धुवावेत पाय. पण आता या वयात काय सुधारायचं हो?”

त्या दिवशी मी त्यांना गोलमोल उत्तर दिले. नंतर पुस्तके काढली, एका मनोविकारतज्ज्ञ स्नेह्यांशी बोलले. त्यातून जे कळले, ते आपणांपैकी ज्यांच्या घरी असा प्रकार चालू आहे, किंवा ज्यांच्या स्वतःच्याच मनात तो गुपचूप चालू आहे, त्यांच्यासाठी येथे मांडते आहे.

सोवळे, शिस्त आणि मंत्रचळ

आपल्या भाषेत या आजाराला जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र चुकला म्हणून लागलेला चळ, असा त्यामागचा समज. वैद्यकात त्याला ओसीडी म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला, मनात नको असताना पुन्हा पुन्हा घुसणारा विचार: हाताला घाण लागली असेल, गॅस चालू राहिला असेल, माझ्याकडून कुणाला इजा होईल. दुसरा भाग म्हणजे त्या विचाराने उठलेली घालमेल शमवण्यासाठी करावी लागणारी कृती: धुणे, तपासणे, मोजणे, ठरावीक क्रमाने मांडणे, कुणाला तरी “नक्की ना?” असे विचारत राहणे. कधी ही कृती बाहेर दिसतही नाही. माणूस मनातल्या मनात नामजप किंवा आकडे घोकत असतो. शंभर माणसांतील दोघा-तिघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. म्हणजे तो दुर्मीळ नाही. तो लपवला जातो.

लपण्याचे एक कारण आपल्या संस्कारांत आहे. वडीलधाऱ्यांच्या स्वच्छतेला, सोवळ्याला, काटेकोरपणाला आपण नावाजतो, आणि त्यात दोष काहीच नाही. पण फरक ओळखता येतो. सोवळे पाळणारी आजी पूजा आटोपली की सोवळे सोडून इतर कामाला लागते. नियम किती आणि कुठे संपतो हे तिला ठाऊक असते, आणि तो पाळल्यावर तिला समाधान मिळते. मंत्रचळात नियम दरवर्षी वाढत जातो आणि समाधान काही केल्या टिकत नाही. हात धुऊन झाले हे डोळ्यांना दिसते, पण मन ‘झाले’ म्हणत नाही. दिवसातला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ यात जात असेल, किंवा त्यापायी घरातली माणसे दुरावत असतील, तर तो स्वभाव समजू नये.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. कित्येक ज्येष्ठांना देवासमोर हात जोडले की अभद्र शब्द आठवतात, लहान नातवंड मांडीवर असताना त्याला आपण इजा करू की काय असा भयंकर विचार चमकून जातो. ही माणसे अत्यंत सालस असतात, म्हणूनच त्या विचाराने हादरतात. कोणाशी बोलावे, तर लोक काय म्हणतील! त्यांना माझे सांगणे आहे की असे विचार जवळजवळ सर्वांनाच येतात. तेरा देशांतील ७७७ विद्यार्थ्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. मागील तीन महिन्यांत असा एक तरी नकोसा विचार मनात आल्याचे ९४ टक्के जणांनी मान्य केले. फरक एवढाच, की बाकीचे तो झटकून पुढे जातात, तर मंत्रचळाचा रुग्ण त्या विचारालाच आपल्या वृत्तीचा पुरावा मानतो आणि तो पुसण्याच्या खटपटीला लागतो. असा विचार आला म्हणून माणूस तसे वागत नाही. त्या विचाराने तो भयभीत होतो, यातच काय ते आले.

नळ बंद केला तेव्हा

एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या संधिकाळात पॅरिसचे पिएर जाने आणि व्हिएन्नाचे फ्रॉइड यांनी या आजाराची बारकाईने वर्णने केली, पण रुग्ण मात्र फारसे बरे होत नसत. १९६०च्या दशकापर्यंत मंत्रचळ म्हणजे जन्माची सोबत, असे डॉक्टरही मानत.

या समजुतीला पहिला तडा गेला लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात. तेथील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतील एक स्त्री धुण्या-पुसण्यात गुरफटलेली होती. मेयर यांनी तिला वॉर्डात ठेवून घेतले, ज्या वस्तूंची भीती वाटते त्यांना हात लावायला सांगितले आणि नंतर धुऊ दिले नाही. परिचारिका सतत सोबतीला, आणि खोलीतल्या नळाचे पाणी बंद. अपेक्षा अशी की तिची तडफड वाढत जाईल. ती वाढलीही, पण मग हळूहळू ओसरली. न धुताही भीती उतरते, हे तिच्या मनाला पहिल्यांदाच कळले. १९७४ साली मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतील १० जणांत मोठी सुधारणा झाली होती.

आज ही पद्धत याच तत्त्वावर, पण रुग्णाच्या संमतीने आणि पायरीपायरीने वापरली जाते. नळ कोणी बंद करत नाही. रुग्ण स्वतःच ठरवतो की आज दाराच्या कडीला हात लावीन आणि दहा मिनिटे धुणार नाही. उद्या वीस. भीतीला सामोरे जायचे आणि ठरलेली कृती करायची नाही, एवढेच तिचे सूत्र. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. मी एकदा स्वतः करून पाहिले: घराला कुलूप लावले आणि नेहमीसारखे ते ओढून न पाहता निघाले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मन चार वेळा मागे गेले. मला तर हा आजारही नाही!

कुलपाचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग सांगते, कारण तो आपणां ज्येष्ठांच्या रोजच्या जगण्यातला आहे. नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या संशोधकांनी २००३ साली निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली. बटणे चालू करायची, बंद करायची, बंद झाली का ते तपासायचे, असे वीस वेळा. एरवी वाटेल की वीस वेळा तपासल्यावर माणसाची खात्री पक्की होईल. झाले उलटेच. कोणती बटणे तपासली हे त्यांना बरोबर सांगता येत होते, पण ती आठवण धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा घटला. म्हणजे तपासल्याने शंका मिटत नाही, तपासण्यातूनच ती पोसली जाते. रात्री तीनदा उठून गॅसचे बटण पाहणाऱ्या आजोबांना वाटते, आपली स्मरणशक्ती गेली, आता विसरभोळेपणाचा आजार जडला. बहुतेकदा स्मरणशक्ती ठणठणीत असते. विश्वास तेवढा उडालेला असतो. खऱ्या विस्मृतीत माणूस गॅस बंद करायचा विसरतो आणि आपण विसरलो हे त्याच्या गावीही नसते. येथे तो बंद करतो, त्याला ते आठवतेही, पण पटत नाही.

औषधाचा शोध जवळपास त्याच काळातला, आणि काहीसा योगायोगाचा. क्लोमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध. मंत्रचळाच्या रुग्णांना त्याचा गुण येतो, अशी नोंद स्पेनमधील डॉक्टरांनी १९६७ साली केली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपापोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांवर त्याचा अभ्यास केला. तेव्हा असे दिसले की त्याच कुळातले डेसिप्रामिन या आजारात जवळपास निरुपयोगी, पण सिरोटोनिन या रसायनावर जोरकस काम करणारे क्लोमिप्रामिन उपयोगी. १९८९ साली अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. मागोमाग फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन ही पचायला सोपी औषधे आली. आज आपल्या गावच्या औषधांच्या दुकानातही ती मिळतात, आणि महाग नाहीत.

यावरून ‘सिरोटोनिन कमी पडले की मंत्रचळ होतो’ असा समज पसरला. तो घाईचा आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप आला, असे आपण म्हणत नाही.

मेंदूत काय घडते

मला स्वतःला सर्वांत अचंबा वाटला तो १९९२ सालच्या एका अभ्यासाचा. लॉस एंजलिसमध्ये ल्युईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १८ रुग्ण घेतले. नऊ जणांना फ्लुओक्सेटिन दिले, नऊ जणांना औषधाविना वर सांगितलेली वर्तनोपचाराची पद्धत. उपचारांआधी आणि दहा आठवड्यांनंतर पेट स्कॅन करून मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते पाहिले. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतील कॉडेट नावाच्या एका खोलवरच्या केंद्राची अतिरिक्त धावपळ शांत झाली होती. गोळी घेणाऱ्यांत तर झालीच, पण केवळ सराव करणाऱ्यांतही झाली. आपल्याकडे अजूनही वाद चालतो, हे ‘मनाचे’ की ‘मेंदूचे’, ‘खरे’ दुखणे की ‘मानून घेतलेले’. दाराच्या कडीला हात लावून न धुता बसून राहिल्याने मेंदूचे काम बदलते, हे ज्या स्कॅनने दाखवले, त्याने तो वाद माझ्यापुरता मिटवला.

कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, तो ‘काहीतरी चुकले’ असा इशारा देतो. तो इशारा आतल्या केंद्रांकडे जातो, तेथून थॅलॅमसमार्गे परत येतो. एरवी काम झाले की हे फेरे थांबतात. मंत्रचळात ते थांबत नाहीत, अशी आजची सर्वसाधारण मांडणी आहे. आपल्या घरातील दारावरची घंटा अडकून वाजत राहावी, पाहुणा कधीच आत आलेला असावा, तसे काहीसे. मात्र निदानासाठी स्कॅनची गरज नसते. ते बोलण्यातूनच होते. ‘मेंदूचा फोटो काढून सांगतो’ असे कुणी म्हणाले, तर पैसे जपून ठेवा.

हे फेरे मुळात का अडकतात? आनुवंशिकतेचा वाटा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून प्रौढांत तो निम्म्याच्या आसपास धरतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५३ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे २० लाख निरोगी व्यक्तींची जनुके तपासली गेली, आणि या आजाराशी निगडित अशी ३० ठिकाणे सापडली. प्रत्येकाचा वाटा अगदी चिमूटभर. त्यामुळे ‘आजीमुळे नातीला झाले’ असे बोट कुणाकडे दाखवता येत नाही. काही मुलांत घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतुसंसर्गानंतर ही लक्षणे अचानक उफाळतात, असे सुसान स्वेडो यांनी १९९८ साली ५० मुलांच्या नोंदींवरून मांडले. त्यावर अजून बराच खल चालू आहे. बाळंतपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, मोठे आजारपण यांनी सुप्त आजार वर येतो, हे तर आम्ही दवाखान्यात नेहमीच पाहतो. लहानपणच्या कडक शिस्तीला दोष देण्याची पद्धत मात्र आता सोडावी.

ज्येष्ठांच्या बाबतीत येथे एक सावधगिरी. हा आजार बहुधा पंचविशीच्या आतच सुरू होतो आणि म्हातारपणापर्यंत सोबत येतो. आमच्या या आजींनाही नीट विचारल्यावर आठवले, की प्रशिक्षण महाविद्यालयात असल्यापासून त्या पुस्तके पुसून ठेवीत. पण आयुष्यात कधीच नव्हता आणि साठीनंतर अकस्मात सुरू झाला, तर ते मंत्रचळ समजून थांबू नका. मेंदूच्या खोल भागातला लहानसा पक्षाघात, पार्किन्सन, किंवा मेंदूच्या पुढील भागाला झिजवणारा एक प्रकारचा स्मृतिभ्रंश हेही असेच रूप घेतात. त्या स्मृतिभ्रंशात माणूस रद्दी साठवतो, एकच फेरी रोज मारतो, पण त्याला त्याची घालमेल नसते, उलट तो निवांत असतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणे आणि एमआरआय करून घेणे आवश्यक. मघाशी स्कॅनबद्दल जे म्हटले, त्याला हा अपवाद.

गोळी घेताना

अमेरिकेत एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत १२ आठवड्यांनंतर वर्तनोपचाराने ६२ टक्के, क्लोमिप्रामिनने ४२ टक्के, दोन्हींनी मिळून ७० टक्के, तर नुसत्या साखरेच्या गोळीने ८ टक्के रुग्णांना गुण आला. शेवटचा आकडा पाहा. नैराश्यात साखरेच्या गोळीने बऱ्याच जणांना थोडेफार बरे वाटते. येथे धीर देऊन, समजूत घालून काम भागत नाही, हे त्यातून दिसते. त्या अभ्यासातली माणसे बहुतेक तरुण-मध्यमवयीन होती, हे खरे. तरी वय झाले म्हणून उपचार लागू पडत नाहीत, असे मानायला आधार नाही. गती थोडी मंद ठेवावी लागते, एवढेच.

औषध या आजारात सावकाश काम करते. आठ ते बारा आठवडे थांबावे लागते आणि नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रा लागते. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडणारे रुग्ण मी अनेक पाहिले. बरे वाटल्यावरही वर्ष-दोन वर्षे ती चालू ठेवतात, आणि थांबवायची तर उतरत्या क्रमाने.

उतारवयात काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. या गोळ्यांनी रक्तातील सोडियम घसरू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आजी गोंधळल्यासारख्या वागू लागल्या, तोल जाऊ लागला, तर तो वयाचा परिणाम न समजता सोडियम तपासून घ्यावे. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. अंगदुखीवरची ट्रामाडॉल यांच्यासोबत घेऊ नये. क्लोमिप्रामिन गुणकारी खरे, पण प्रोस्टेट, काचबिंदू, बद्धकोष्ठ किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्या वृद्धांना मी ते द्यायला कचरते. तो निर्णय तज्ज्ञांनी ईसीजी पाहून घ्यावा.

ज्यांना यातले काहीच लागू पडत नाही, अशा मोजक्या रुग्णांसाठी पुढचे मार्ग आहेत. डोक्यावर चुंबकीय लहरी देण्याच्या एका पद्धतीला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मेंदूत बारीक तार बसवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा प्रयोग बेल्जियममध्ये १९९९ साली झाला. तो अखेरचा पर्याय आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये या आजाराचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या तालुक्याच्या गावी वर्तनोपचार शिकलेला मानसशास्त्रज्ञ मिळणे अजून कठीण आहे, हे मान्य करायलाच हवे. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर शासनाच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

“नक्की ना?” या प्रश्नाचे उत्तर

आता घरच्या माणसांकडे वळते, कारण हा लेख खरे तर त्यांच्यासाठी आहे. १९९५ साली अमेरिकेत रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका छोट्या अभ्यासात असे आढळले की ३४ पैकी ८८ टक्के जण आजाराला कोणत्या ना कोणत्या रीतीने साथ देत होते: सोबत धुणे, रुग्णाच्या वतीने तपासून येणे, विचारील तितक्या वेळा “हो, नक्की” म्हणणे. पुढे अनेक अभ्यासांत दिसले की ही साथ जितकी जास्त, तितका आजार तीव्र आणि उपचारांचा गुण कमी. प्रेमापोटी धुतलेले पाय त्या अडकलेल्या घंटेचे बटण पुन्हा दाबत असतात.

यात मी स्वतःलाही वगळत नाही. एक निवृत्त गृहस्थ मला रोज रात्री फोन करून विचारत, सकाळची रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा घेतली असेल तर? मी रोज धीर देई. दोन मिनिटांचे तर काम, असे मला वाटे. वर्षभरात फोन दिवसाला चारवर गेले. मी डॉक्टर म्हणून धीर देत नव्हते, त्यांच्या आजाराचा रोजचा खुराक पुरवत होते.

पण म्हणून उद्या सकाळी उठून साबण लपवू नका. अचानक साथ काढून घेणे हा छळ होईल आणि भांडणे होतील. आधी निवांत वेळी दोघांनी बसून ठरवायचे की कोणती एक गोष्ट कमी करायची. तीही सर्वांत सोपी. मग प्रश्न आला की रागावून “वेडेपणा बंद कर” म्हणायचे नाही आणि “हो, स्वच्छ आहे” असेही म्हणायचे नाही. “तुला आत्ता फार अस्वस्थ वाटतंय हे दिसतंय मला. आपण ठरवलंय ना, याचं उत्तर मी देणार नाही. चल, जरा अंगणात बसू.” एवढे पुरते. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढते; ते अपयश समजू नये. रुग्ण हताश बोलत असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, खाणे-पिणे तुटले असेल, तर हे प्रयोग घरी न करता तातडीने तज्ज्ञ गाठावेत.

आमच्या आजी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सहज तयार झाल्या नाहीत. “मी काय वेडी आहे?” हा प्रश्न झालाच. मी त्यांना म्हटले, माझ्या मलमांनी दोन वर्षे हात बरे झाले नाहीत, आता मूळ शोधू या. आपली चूक कबूल केल्यावर त्या थोड्या सैलावल्या. तज्ज्ञांनी ४० गुणांच्या मोजपट्टीवर त्यांचा आजार २९ मोजला. सर्ट्रालिन अगदी थोड्या मात्रेपासून सुरू झाले; पंधरवड्याने सोडियम पाहिले, ठीक होते. शाळेत वेळापत्रक लावावे तसे त्यांनी स्वतःच एका वहीत भीतीच्या पायऱ्या लिहून काढल्या. सर्वांत खाली दुधाची पिशवी, सर्वांत वर नातू पलंगावर. पहिल्या दिवशी दुधाची पिशवी न धुता फ्रिजमध्ये ठेवली आणि त्या दुपारपर्यंत फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसल्या. मध्ये दिवाळीत मोठी घसरण झाली, पुन्हा दोन आठवडे फाटकाशी बादली आली. सात महिन्यांनी मोजपट्टीवर आकडा १४ होता. शून्य नव्हे. भाजी चिरून झाली की त्या हात धुतात, कधी एकदा, कधी तीनदा.

परवा यजमान रक्तदाबासाठी आले. साबणाच्या चार वड्या पुरतात म्हणाले. नातू सुट्टीत आठ दिवस राहून गेला. मग थोडे थांबून, जरा ओशाळून म्हणाले, “डॉक्टर, आता ती म्हणते पाय न धुता या आत. पण माझंच पाऊल उचलत नाही. एकोणीस वर्षांची सवय. काल फाटकाशी पाच मिनिटं नुसता उभा होतो.” मी विचारले, मग काय केले? “तिनं आतून वही आणली आणि त्यात माझं नाव घातलं.”